ग्रासकटरचं टू-स्ट्रोक इंजिन: ऑइलचं प्रमाण आणि बिघाडांची मुळं

आंबा-काजूच्या बागेत बेणणीच्या दिवसांत ग्रासकटरचा पिस्टन जाम झाला, तर आधी पेट्रोलचा कॅन तपासा. बहुतेक वेळा त्यात ऑइल नसतं, किंवा अंदाजाने ओतलेलं असतं.

या इंजिनात फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व नसतात. सिलिंडरच्या भिंतीत पोर्ट, म्हणजे खिडक्या असतात आणि पिस्टनच त्या उघडतो-मिटतो. पिस्टन वर जाताना डोक्यावरचं मिश्रण दाबतो, त्याच वेळी खाली क्रँककेसमध्ये (क्रँक फिरतो त्या बंद खोक्यात) कार्ब्युरेटरमधून, म्हणजे हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या भागातून, नवं मिश्रण ओढलं जातं. ठिणगी पडली की पिस्टन खाली येतो, आधी एक्झॉस्ट पोर्ट उघडून धूर बाहेर जातो आणि लगेच ट्रान्सफर पोर्टमधून खालचं मिश्रण वर चढतं. क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट. फोर-स्ट्रोकला त्यासाठी दोन फेरे लागतात.

क्रँककेस इथे पंपाचं काम करते, म्हणून तिच्यात ऑइल भरून ठेवता येत नाही. बेअरिंग आणि पिस्टनला वंगण मिळतं ते फक्त पेट्रोलमधल्या टूटी (2T, म्हणजे टू-स्ट्रोकच्या) ऑइलचं. ते नसेल तर काही मिनिटांत पिस्टनवर उभे ओरखडे पडतात.

प्रमाण मशीनच्या पुस्तिकेत पाहा. ५०:१ म्हणजे १ लिटर पेट्रोलला २० मिली, ४०:१ ला २५ मिली, २५:१ ला ४० मिली. मापाला औषधाची सिरिंज उत्तम. कॅनमध्ये आधी अर्धं पेट्रोल घ्या, ऑइल घालून चांगलं हलवा, मग उरलेलं पेट्रोल ओता. मशीनच्या टाकीत मिश्रण करू नका. ऑइल तळाशी बसतं. फोर-स्ट्रोक मोटरसायकलचं ऑइल तर नकोच, ते नीट जळत नाही. ‘थोडं जास्त असलेलं बरं’ हाही गैरसमज: जादा ऑइलचा कार्बन प्लगवर आणि सायलेन्सरमध्ये बसतो.

मशीन चालू होतं पण जोर धरत नाही, तेव्हा सायलेन्सरची जाळी आणि एक्झॉस्ट पोर्ट बघा. सायलेन्सर काढा, दोरी हळू ओढून पिस्टन वर आणा म्हणजे पोर्ट झाकला जाईल, आणि लाकडी काडीने कार्बन खरवडा. स्क्रू-ड्रायव्हरने पिस्टनला चरे पडतात.

ठिणगी पाडणारा प्लग बरंच सांगतो. फिकट तपकिरी असेल तर ठीक. काळा आणि ओला असेल तर चोक (थंड इंजिन चालू करताना हवा अडवणारी झडप) लागून राहिलाय, एअर फिल्टर तुंबलाय किंवा ऑइल जास्त आहे. पांढरा पडला असेल तर काम थांबवा: कुठूनतरी जादा हवा शिरतेय, बहुधा क्रँकच्या सीलमधून किंवा कार्ब्युरेटरच्या गॅस्केटमधून. अशा वेळी रेस (इंजिनाचा वेग) आपोआप चढते, इंजिन जोरात चालल्यासारखं वाटतं, आणि तसंच चालवत राहिलं की जाम होतं.

पेट्रोल जास्त चढून प्लग भिजला तर प्लग काढा, चोक लावलेला नाही ना ते पाहा, स्विच बंद ठेवून आठ-दहा वेळा दोरी ओढा, प्लग पुसून बसवा. पंख्याच्या जाळीत आणि सिलिंडरच्या पात्यांत अडकलेलं गवत रोज झाडून काढा. याला थंडावा फक्त हवेचा.

इतकं जपूनही हे इंजिन खांद्यावर घ्यावं असंच आहे. वजनाला हलकं, भाग मोजके, आणि डायाफ्रामच्या (लवचीक पातळ पडद्याच्या) कार्ब्युरेटरमुळे उतारावर कसंही वाकवा, बंद पडत नाही. उणीव पोर्टच्या रचनेतच आहे: एक्झॉस्ट अजून उघडा असतानाच नवं मिश्रण आत येतं, त्यातलं काही न जळताच बाहेर पडतं. पेट्रोल जास्त लागतं, धूर होतो. यामाहा आरएक्स १०० सारख्या टू-स्ट्रोक गाड्या प्रदूषणाच्या नियमांपुढे टिकल्या नाहीत.

तयार मिश्रण महिन्याभरात संपवा. पेट्रोलमधलं इथेनॉल ओलावा ओढतं, पाणी तळाशी साचतं, डायाफ्राम कडक होतो. हंगाम संपला की टाकी रिकामी करा आणि कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा.