ऑप्टोमेट्रीची प्रॅक्टिस सुरू करताय? रजिस्ट्रेशनपासून रेफर चिठ्ठीपर्यंत काय काय पाळायचं

बी.ऑप्टम, म्हणजे नजर तपासून चष्म्याचा नंबर काढण्याची डिग्री झाली, इंटर्नशिप संपली, आता गावात स्वतःचं काहीतरी काढायचं नाहीतर एखाद्या ऑप्टिकल दुकानात बसायचं असं ठरलं की पोरंपोरी मला फोन करतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, सर मशीन कुठलं घेऊ. मशीनचं नंतर बघू. आधी तीन गोष्टी डोक्यात पक्क्या करा, आपल्याला काय करता येतं, काय करता येत नाही, आणि जे केलं ते कागदावर कुठे आहे. मी तालुक्याच्या गावात अठरा वर्षं नंबर काढतोय, त्यातून जे कळलं आणि कायद्यात जे आहे ते इथे एकत्र लिहितोय, जरा लांब होईल पण पूर्ण वाचा.

सुरुवात रजिस्ट्रेशनपासून. मार्च २०२१ मध्ये नॅशनल कमिशन फॉर अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स अ‍ॅक्ट आला. त्याच्याआधी ऑप्टोमेट्रिस्ट कोणाला म्हणायचं हे सांगणारा देशपातळीवरचा कायदाच नव्हता, चार वर्षं शिकलेला आणि दुकानात बघून बघून शिकलेला दोघेही एकाच खुर्चीत बसायचे आणि पेशंटला फरक कळायचा नाही. या कायद्याच्या यादीत ऑप्थॅल्मिक सायन्सेसचा वेगळा गट आहे आणि त्यात ऑप्टोमेट्रिस्ट आहे. हेल्थकेअर प्रोफेशनल म्हणवून घ्यायला किमान ३,६०० तासांची डिग्री लागते, अलाइड प्रोफेशनलसाठी २,००० तासांचा डिप्लोमा किंवा डिग्री. म्हणून मार्कलिस्ट, डिग्री, इंटर्नशिपचं सर्टिफिकेट आणि कॉलेजकडून तासांचा हिशोब लिहिलेलं पत्र अशी एक फाइल आजच करा, कारण पाच वर्षांनी कॉलेजात गेलात तर क्लार्क बदललेला असतो आणि रजिस्टर सापडत नाही. अर्ज आपल्या राज्याच्या कौन्सिलकडे करायचा. पॅरामेडिकल कौन्सिलचं जुनं रजिस्ट्रेशन असेल तर तो कागद फेकू नका. ऑप्टोमेट्री कौन्सिल ऑफ इंडियाचं मेंबरशिप चांगलंच आहे, जरूर घ्या, पण ती आपल्याच लोकांनी उभी केलेली ऐच्छिक संस्था आहे, कायद्याच्या रजिस्टरची जागा ती घेत नाही. आणि रजिस्टरमध्ये नाव नसताना आहे असं भासवलं तर पहिल्यांदा ५० हजारांपर्यंत दंड, पुन्हा सापडलात तर ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, हे कायद्यात स्पष्ट लिहिलंय.

बोर्ड आणि पॅडवर नाव, डिग्री, रजिस्ट्रेशन नंबर, बस. "नेत्रतज्ज्ञ" लिहू नका, "डोळ्यांचा दवाखाना" लिहू नका. नावापुढे डॉ. लावायचा मोह सगळ्यांना होतो, मलाही झाला होता, पण खेड्यातली आजी ते डॉ. वाचून मोतीबिंदूपासून काचबिंदूपर्यंत सगळं इथेच बघून होईल असं समजून येते आणि मग खऱ्या डॉक्टरकडे जातच नाही, त्यात तिचे महिने जातात.

दुकानाचे कागद पटकन सांगतो. २० पेक्षा कमी माणसं कामाला असतील तर महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते, २० किंवा जास्त असतील तर रजिस्ट्रेशन (२०२५ पर्यंत ही मर्यादा १० होती), आपल्याकडे सगळे त्याला अजून गुमास्ताच म्हणतात. कॉन्टॅक्ट लेन्स विकणार असाल तर त्या मेडिकल डिव्हाइसमध्ये येतात, त्यासाठी एफडीएकडे, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाकडे फॉर्म एमडी-४१ भरून एमडी-४२ चं सर्टिफिकेट घ्यायचं आणि ते गिऱ्हाइकाला दिसेल असं लावायचं. खरेदी-विक्रीची नोंद बॅच नंबर आणि एक्स्पायरीसकट ठेवा, इन्स्पेक्टर पहिल्यांदा तेच मागतो. कापूस, फ्लोरेसिनच्या (डोळा तपासायच्या रंगाच्या) वापरलेल्या पट्ट्या असला कचरा होत असेल तर बायोमेडिकल वेस्टची परवानगी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून लागते, बेड नसलेल्या ठिकाणी ती एकदाच काढायची असते. बाकी तुमचा सीए बघेल.

आता ड्रॉप्स. इथे सगळ्यात जास्त लोक चुकतात. लाल डोळा घेऊन ओळखीचा माणूस येतो, म्हणतो काहीतरी थेंब लिहून दे की, मेडिकलवाला देतो. नाही लिहायचं. अँटिबायोटिक असो की स्टेरॉइड, ते शेड्यूल एच चे ड्रॉप्स रजिस्टर्ड मेडिकल प्रॅक्टिशनरच्या चिठ्ठीवरच मिळायला हवेत आणि ते आपण नाही. स्टेरॉइडच्या थेंबांनी दोन दिवस डोळा पांढरा दिसतो, आत जखम वाढत असते, डोळ्यातलं प्रेशर चढत असतं. बाहुली मोठी करायचे थेंबसुद्धा डोळ्यांच्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच, आणि त्याआधी स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून बघायच्या यंत्रावर, अँगल (डोळ्यातलं पाणी बाहेर जायची जागा) बघितल्याशिवाय नाही. लहान मुलांचा पक्का नंबर थेंब टाकूनच निघतो, त्यामुळे जवळच्या डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा की मुलं मी तुमच्याकडे पाठवणार.

तपासणीची नोंद कशी ठेवायची ते जरा सविस्तर सांगतो, कारण हे मी चूक करून शिकलोय. सुरुवातीच्या वर्षांत एक शेतकरी आले, पन्नाशीच्या आतले, म्हणाले महिनाभर लांबचं धूसर दिसतंय. आधी लांबचा नंबर नव्हता, आता दोन्ही डोळ्यांना मायनस पावणेदोन निघाला, ६/६ वाचलं, मी खूश, चष्मा बनवून दिला. अठरा दिवसांनी परत आले, चष्म्यानं काहीच दिसत नाही म्हणाले. तपासलं तर नंबर जवळपास शून्य. मधल्या काळात पायाची जखम भरेना म्हणून डॉक्टरकडे गेले होते, शुगर खूप वाढलेली निघाली आणि गोळ्या चालू झाल्या होत्या. शुगर वाढली की डोळ्याचं भिंग फुगून नंबर मायनसकडे सरकतो हे मी परीक्षेत लिहून आलो होतो पण त्या माणसाला तहान किती लागते, रात्री लघवीला किती वेळा उठता, एवढं विचारलं नव्हतं. माझ्या कार्डावर फक्त नंबर होता. पैसे परत केले ते केले, पण त्याला पहिल्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवू शकलो असतो ही गोष्ट माझ्या डोक्यातून गेली नाही.

तेव्हापासून कार्डावर हे सगळं असतंच. तक्रार पेशंटच्याच शब्दात आणि कधीपासून. शुगर, बीपी, दमा, चालू गोळ्या, घरात कोणाला काचबिंदू. जुन्या चष्म्याचा नंबर लेन्सोमीटरवर मोजून, नुसता पेशंटनं सांगितलेला नाही. बिनचष्म्याची आणि चष्म्यासकट नजर, दोन्ही डोळ्यांची वेगवेगळी, लांबची आणि जवळची. टॉर्च फिरवून बाहुल्या. कव्हर टेस्ट, म्हणजे एकेक डोळा झाकून तिरळेपणा बघणं. प्रेशर मोजलं तर किती, किती वाजता आणि कशानं. मग नंबर, अ‍ॅक्सिस, अ‍ॅड (जवळचा जादा नंबर), दोन्ही डोळ्यांचा वेगळा पीडी (नाकाच्या मध्यापासून बाहुलीपर्यंतचं अंतर), आणि ४ च्या वरचा नंबर असेल तर व्हर्टेक्स अंतर, म्हणजे काच डोळ्यापासून किती लांब ते. शेवटी काय सांगितलं आणि परत कधी बोलावलं. जे तपासलं नाही तिथे "नॉर्मल" ठोकू नका, "तपासलं नाही" असंच लिहा. नंबर ६/६ पर्यंत आला नाही आणि पिनहोलनंही (बारीक छिद्रातून बघूनही) सुधारला नाही तर का, हे शोधणं नाहीतर शोधायला पाठवणं तुमचं काम आहे, चष्मा विकून विषय संपत नाही.

नंबरची चिठ्ठी पेशंटच्या हातात द्या, चष्मा त्यानं कुठूनही करू दे. कार्डं किमान ३ वर्षं ठेवा, डॉक्टरांना त्यांच्या नियमात तेवढीच मुदत आहे, आणि ग्राहक आयोगात तक्रार करायला २ वर्षं मिळतात हेही लक्षात असू द्या.

कोणाला त्याच दिवशी पाठवायचं याचा कागद मी टेबलाच्या काचेखाली ठेवलाय, दुकानातल्या पोरालाही पाठ करून घेतलाय कारण फोन तोच उचलतो. डोळ्यापुढे विजा चमकणं, अचानक काळे ठिपके वाढणं, एका बाजूनं पडदा ओढल्यासारखं होणं. अचानक नजर जाणं. लाल डोळा, डोकेदुखी, उलटी आणि दिव्याभोवती रंगीत वलयं. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याचा दुखणारा लाल डोळा, लेन्स काढायला लावा आणि लेन्स, डबी फेकून न देता बरोबर न्यायला सांगा. अचानक दोन दोन दिसणं, त्यात पापणी पडलेली आणि बाहुली मोठी असेल तर डोळ्यांच्या दवाखान्यात नाही, थेट मोठ्या हॉस्पिटलला. बाळाची बाहुली पांढरी दिसणं किंवा मोबाइलच्या फ्लॅशच्या फोटोत एकच डोळा पांढरा चमकणं. आणि आपल्याकडचं खास, चुना. तंबाखूच्या चुन्याची पुडी पोरानं दाबली आणि ती डोळ्यात फुटली की पाठवायच्या आधी तिथेच नळाखाली डोळा धुवायला सुरुवात करायची, पापणी उलटून कण काढायचे, निदान अर्धा तास पाणी चालू ठेवायचं, मग गाडी. ते पोर रडणार, आई म्हणणार बास करा, तरी थांबायचं नाही.

पाठवताना "आय स्पेशालिस्टला दाखवा" एवढंच लिहून चालत नाही. नजर किती, काय दिसलं, कशाची शंका आणि किती घाई आहे, चार ओळी, खाली सही, शिक्का, फोन नंबर. पेशंटलाही साध्या भाषेत सांगा, काका आज गेला नाहीत तर नजर परत येणार नाही.

त्या चिठ्ठीचे पैसे घ्यायचे नाहीत. मोतीबिंदूच्या प्रत्येक ऑपरेशनमागे इतके, अशी ऑफर तुम्हाला येईल, मला आलीय. आपल्या राज्यात कट प्रॅक्टिस रोखायला २०१७ मध्ये सरकारनं कायद्याचा मसुदाही केला होता, आणि कमिशन देणारा डॉक्टर स्वतःच्या नियमांनुसार आधीच चूक करत असतो. ते पैसे पेशंटच्याच बिलात जातात.

सफाई. २०२३ च्या जुलैत आळंदीला आणि मग सगळीकडे डोळे आले तेव्हा ट्रायल फ्रेम आणि हनुवटीचा स्टँड प्रत्येक पेशंटनंतर पुसणं किती गरजेचं आहे ते सगळ्यांना कळलं. टोनोमीटरच्या (डोळ्याचं प्रेशर मोजायच्या यंत्राच्या) टोकाला नुसता स्पिरिटचा बोळा फिरवून डोळे येण्याचा व्हायरस मरेलच असं नाही, ब्लीच १ भाग पाणी ९ भाग अशा द्रावणात ५ ते १० मिनिटं बुडवून, स्वच्छ धुवून, कोरडं करूनच वापरा. कॉन्टॅक्ट लेन्स स्लिट लॅम्पवर फिटिंग न बघता कोणालाही देऊ नका, लग्नापुरती रंगीत हवी म्हणणाऱ्या मुलीलाही नाही, आणि तिला स्वतःला घालता-काढता आल्याशिवाय घरी पाठवू नका.

डार्करूममध्ये बाई किंवा लहान मूल असेल तर घरचं कोणीतरी आत हवं, आणि हात लावण्याआधी काय करतोय ते सांगायचं, आता पापणी वर उचलतो ताई. पेशंटच्या डोळ्याचा फोटो नावासकट व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका, २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहे आणि त्यात १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती लागते. लायसन्ससाठीचा फॉर्म १-ए घेऊन कोणी सही मागायला आलं तर ती सही डॉक्टरचीच लागते, अपंगत्वाचा दाखलाही सरकारी दवाखान्यातून निघतो, दोन्हीला नाही म्हणा आणि कुठे जायचं ते सांगा.

एक वही वेगळी करा, फक्त रेफर केलेल्यांची. तारीख, नाव, फोन, कशासाठी, कुठे पाठवलं, आणि शेवटचा रकाना "गेले का". मी दर शनिवारी दुपारी ती उघडून फोन करतो. निम्मे लोक म्हणतात, सर कापणी झाली की जातो, मग मी त्यांच्या मुलाचा नंबर मागून त्याला फोन लावतो.