बुरशीजन्य रोगाच्या शोधाचा इतिहास कसा लिहावा

अशा इतिहासात केवळ पहिल्या नोंदीचे वर्ष देऊन थांबू नये. रोग प्रथम कोणी पाहिला, त्याचे कारण काय समजले गेले आणि बुरशी कशी सिद्ध झाली, हे टप्पे वेगवेगळे तपासावेत. कॉक्सिडिऑइडोमायकोसिस या बुरशीजन्य रोगाचेच पाहा. १८९२ मध्ये ब्वेनोस आइरेस येथे आलेहान्द्रो पोसादास या वैद्यकीय विद्यार्थ्याने एका सैनिकाच्या त्वचेवरील गाठींत जाड भिंतीच्या गोल पेशी पाहिल्या. त्या आदिजीव (प्रोटोझोआ, म्हणजे एकपेशीय सूक्ष्मजीव) मानल्या गेल्या आणि १८९६ मध्ये या रोगकारकाच्या नामकरणातही तोच समज टिकला. प्रयोगशाळेत नमुने वाढवताना, म्हणजे संवर्धनात, वारंवार उगवणारी बुरशी मात्र बाहेरची भेसळ ठरवली गेली. १९०० मध्ये ऑफ्युल्स आणि मॉफिट या संशोधकांनी तीच रोगकारक असल्याचे दाखवले. म्हणूनच जुने निबंध वाचताना लेखकांनी काय दुर्लक्षिले, तेही आवर्जून टिपावे.