बाइकची टाकी घरी उतरवताना

गोव्यातल्या दमट पावसाळ्यात टाकीला आतून गंज धरतो, म्हणून चतुर्थीनंतर पुष्कळजण ती घरीच काढून साफ करतात. जरूर करा, पण बंद गॅरेजमध्ये नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरत जाते आणि आतल्या समईवर किंवा शेगडीवर पेट घेऊ शकते. उणे ४० अंशांतसुद्धा पेट्रोल पेटण्याजोगी वाफ सोडतं, मग आपल्या ३० अंशांच्या दुपारी किती सोडत असेल! मोकळं अंगण निवडा, इंजिन पूर्ण निवू द्या, मोबाइल बाजूला ठेवा.

टाकी भरलेली असताना काढू नका. १० लिटर पेट्रोलच साधारण साडेसात किलो भरतं आणि उचलताना हिंदकळतं. उरलेलं पेट्रोल झाकणाच्या पेट्रोल-कॅनमध्ये काढा, पाण्याच्या बाटलीत कधीच नको. घरात मुलं असतात.

सीट काढून आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. मग टाकीखालचा कॉक (पेट्रोलची तोटी) बंद करून पेट्रोलचा पाइप काढा, खाली फडकं धरा. फ्युएल इंजेक्शनच्या (पंपाने इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या) गाडीत पाइपात दाब असतो. तो कसा उतरवायचा हे मॅन्युअलमध्ये पाहिल्याशिवाय पाइपाला हात लावू नका.

मागचा बोल्ट सुटला की टाकी लगेच ओढू नका. मागून चार बोटं उचलून खाली डोकवा, पेट्रोल किती आहे ते दाखवणाऱ्या काट्याची वायर हमखास तिथेच तुटते. ती सोडवून टाकी मागे सरकवा, पुढच्या रबरांतून आपोआप निघेल. जुन्या सुती गोधडीवर, सावलीत ठेवा.