माहितीपट करताय? मग या चुका टाळा

माहितीपट करायला निघालेल्या मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'कॅमेरा कोणता घेऊ?' आहे तोच वापरा आणि पैसे माइकवर घाला. चित्र थोडं कमी पडलं तर प्रेक्षक चालवून घेतो, बोलणं कळलं नाही तर उठून जातो.

मुळशीकडच्या एका आजींच्या जात्यावरच्या ओव्या दोघा मुलांनी चित्रित केल्या आणि फुटेज एडिटिंगला माझ्याकडे आणलं. खिडकीतला उजेड, उडणारं पीठ, सगळं देखणं. आवाज मात्र वाया गेलेला. कॉलर माइक पदराआड खोचलेला, त्यावर दर फेऱ्याला गळ्यातली पोत घासत होती, त्यात आतल्या फ्रिजची घरघर. हेडफोन बॅगेतच राहिले होते. 'मीटर हलत होता की,' म्हणाले. अरे, मीटर आवाज किती ते सांगतो, कशाचा ते नाही! त्यांना परत पाठवलं. आजी पुन्हा आनंदाने दळायला बसल्या, पण ओव्या वेगळ्याच आल्या. ओवी दळता दळता सुचते, फर्माइशीवर तशीच्या तशी येत नाही. लेकीवरची ती पहिली ओवी फिल्ममध्ये घेता आली नाही, याची हळहळ अजून वाटते.

म्हणून मी कुणाच्याही घरी गेलो की कॅमेरा काढण्याआधी डोळे मिटून खोली ऐकतो. फ्रिज बंद करायला सांगतो आणि गाडीची किल्ली त्याच फ्रिजमध्ये ठेवतो, म्हणजे तो सुरू केल्याशिवाय निघताच येत नाही. शेवटी सगळ्यांना मिनिटभर गप्प बसवून नुसत्या खोलीचा आवाज घेतो. एडिटिंगमध्ये सांधे तोच झाकतो. मागे रेडिओ चालू असेल तर तोही बंद करा, गाण्याचे हक्क विकत घ्यावे लागतात.

दुसरी चूक परदेशी व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांची. शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमवर उजेड पडण्याचा वेळ, १/६० सेकंद ठेवतात आणि ट्यूबलाइटखाली चित्रावर पट्टे सरकू लागतात. अमेरिकेत वीज ६० हर्ट्‌झची, आपल्याकडे ५०. आपला दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, म्हणून सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवा, म्हणजे प्रत्येक फ्रेममध्ये लुकलुक बरोबर दोनदा बसते. फार उजेड असेल तर १/१००. स्वस्त एलईडीचं काही सांगता येत नाही, आधी चाचणी घ्या. 'एडिटिंगमध्ये काढू' म्हणणाऱ्यांनी ते पट्टे एकदा स्वतः काढून बघावेत.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं यासाठीची कॅमेऱ्यातली सेटिंग, ऑटोवर नको. शॉट किमान दहा सेकंद धरा, तीन सेकंदांच्या रीलची सवय इथे नडते. समोरचा बोलत असताना 'हं, हं' करू नका, मान हलवा. दोन वेगळ्या ड्राइव्हवर कॉपी होऊन त्या उघडून बघेपर्यंत कार्ड फॉरमॅट करायचं नाही, मग कितीही घाई असो.

संमतीपत्र मराठीत करा आणि सही घेण्याआधी मोठ्याने वाचून दाखवा. शूटिंग संपल्यावर घाईघाईत अंगठा घेणाऱ्यांबरोबर मी काम करत नाही.