लक्षणं खरी, रिपोर्ट नॉर्मल: डॉक्टरांना शिकवताना या चुका टाळा

मराठवाड्यातल्या कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात ती पिशवी दिसते. सोनोग्राफी, ईसीजी, दोन-तीन लॅबचे कागद, गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या. अंग मोडून येतं, डोकं गच्च होतं, छातीत धडधडतं, तळपायांची आग होते. आणि रिपोर्टात काहीच नाही. असे रुग्ण कसे हाताळायचे हे नव्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना शिकवायला घेतलं, की प्रशिक्षक मंडळी ठरावीक ठिकाणी घसरतात.

जमातवार तक्ता पाठ करून घेणं

स्लाइडवर लिहिलेलं असतं: बंजारा रुग्ण असा, मुस्लिम बाई अशी, ऊसतोड कामगार असा. माझ्या मते ही सगळ्यात घातक स्लाइड. ती पाहिलेला डॉक्टर समोरच्या माणसाला विचारायचं सोडून ओळखायला लागतो. किनवटच्या कोलाम आदिवासींच्या पोडावरची, म्हणजे वस्तीवरची आजी आणि तिचा नांदेडला शिकणारा नातू यांचं दुखणं एका रकान्यात बसत नाही.

तक्त्याऐवजी प्रश्न शिकवा. 2013 साली आलेल्या डीएसएम-5 मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तिकेत, सांस्कृतिक मुलाखतीसाठी (रुग्ण आपल्या दुखण्याकडे कसं बघतो हे समजून घ्यायला) 16 प्रश्न दिले आहेत. ते सगळे आपल्या ओपीडीत विचारायला कुणालाच वेळ नाही. तीन-चार पक्के बसले तरी पुष्कळ. पण नुसती यादी वाटू नका, जोड्या लावून सराव घ्या, कारण गाडी कुठं अडते ते तिथंच कळतं.

"मावशी, हे कशानं होत असंल, तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय कळतंय सायेब? डॉक्टर तुम्ही का मी?"

इथं प्रशिक्षणार्थी गार पडतो आणि पेन उचलून गोळ्या लिहायला लागतो. त्याला थांबवा. पुढचा प्रश्न द्या: "घरचे काय म्हणतात?"

"सासू म्हणती बाहेरचं हाय. लिंबू उतरून टाकलं दोनदा."

"मग फरक पडला?"

"पडला की, दोन दिस. पुन्हा तेच."

"आणि यातलं सगळ्यात जास्त त्रासाचं काय?"

"झोपच न्हाई. पोरगं पुण्याला गेलंय, फोन उचलत न्हाई."

स्वतःचं मत सांगायला संकोचणारा माणूस घरच्यांचं मत मोकळेपणानं सांगतो, म्हणून त्या 16 प्रश्नांत घरच्यांबद्दलचा प्रश्न वेगळा आहे. लिंबावर हसायचं नाही, मान डोलवून त्याला दुजोराही द्यायचा नाही. बाहेरचं उतरवण्याच्या नावाखाली डागल्याच्या किंवा मारहाणीच्या खुणा अंगावर दिसल्या तर मात्र गोष्ट वेगळी. तिथं 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा लागू होतो, आणि डॉक्टरनं गप्प बसून चालत नाही.

'टेन्शन' हा शिक्का लवकर मारणं

संस्कृतीवरचं सत्र ऐकून आलेल्या डॉक्टरांना कधीकधी सगळंच मनाचं वाटायला लागतं. किनवट तालुक्यातल्या काही गावांत पाण्यात फ्लोराईड आहे. तिथल्या माणसाची आखडलेली पाठ आणि सांधे टेन्शनच्या खात्यात टाकले तर तो अन्यायच. हिमोग्लोबिन, थायरॉईड, क्षय, फवारणीची औषधं, हे आधी बघायचं. हात लावून तपासायचं. आणि एकदा नीट बघून झालं की थांबायचं. रुग्ण मागतो म्हणून चौथा एमआरआय नको.

पांढरं जाणं आणि कंबरदुखी

यावर स्वतंत्र सत्र ठेवा, कारण इथल्या चुकीची किंमत बाईचं शरीर मोजतं. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या कितीतरी बायकांच्या गर्भपिशव्या तरुणपणीच काढल्या गेल्या. 2019 साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली त्याची चौकशी करायला समिती नेमावी लागली. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यात केलेल्या अभ्यासात पांढरं जाण्याच्या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मानसिक त्रासाशी जास्त दिसला होता. म्हणजे संसर्ग तपासायचाच, पण घरात काय चाललंय, अंगावर किती काम आहे, नवरा मारतो का, हेही विचारायचं. नवऱ्याला बाहेर बसवून.

घरच्याच माणसाला दुभाषी करणं

तांड्यावरची आजी गोरमाटी (बंजारा बोली) बोलते, देगलूरकडचा कामगार तेलुगू. सोबतची सून किंवा शाळकरी नातू भाषांतर करतो आणि सुनेबद्दलचीच तक्रार असेल तर ती तिथंच गिळली जाते. आशाताई चालतील, पण त्या त्याच तांड्यातल्या असतात. त्यांच्यासमोर बोलायचं का, हे आधी रुग्णालाच विचारा.

"तुम्हाला काही झालेलं नाही"

या वाक्यानंतर रुग्ण दुसऱ्या दवाखान्यात जाऊन सलाईन लावून घेतो. म्हणायचं काय, ते तोंडात बसेपर्यंत घोकून घ्या: "दुखणं खरं आहे. आत गाठ, जखम काही नाही, ते मी बघितलंय. झोप मोडली, काळजी वाढली की अंग आवळून राहतं आणि दुखणं जास्त जाणवतं. यावर इलाज आहे, मी तुम्हाला परत बघणार आहे."

'परत' कधी, हे मात्र त्याच्या हंगामानुसार ठरवा. दिवाळीच्या सुमारास कारखान्यावर निघालेल्या बाईला "पंधरा दिवसांनी या" सांगून उपयोग नाही. निघण्याआधी एक भेट, उन्हाळ्यात परतल्यावर दुसरी. मधल्या काळासाठी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर कार्डावर ठळक लिहा. तिथं मराठीत बोलता येतं. केंद्रातून निरोप द्यायला तिच्या घरातलाच कुणाचा तरी फोन नंबर घ्या, मुकादमाचा नको.