कमी खाऊन आयुष्य वाढवायचंय? आधी या चुका टाळा

सांगलीच्या आमराईत सकाळी फिरणाऱ्यांच्या गप्पांत हल्ली एक बेत हमखास निघतो: निम्मं जेवायचं आणि शंभरी गाठायची. बेत अगदीच हवेतला नाही. १९३५ साली अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाच्या क्लाइव्ह मॅके यांनी उंदरांना जीवनसत्त्वं पुरेशी, पण उष्मांक कमी असा आहार दिला, आणि ते जास्त जगले. चुका होतात त्या हे आपल्या ताटात आणताना.

पहिली चूक म्हणजे उंदराचा हिशेब माणसाला लावणं. अहो, तो सगळ्या उंदरांनाही लागत नाही! २०१० च्या एका अभ्यासात ४१ वंशांच्या उंदरांचं खाणं ४० टक्क्यांनी कमी केलं, तर आयुष्य वाढलेल्या वंशांपेक्षा घटलेलेच जास्त निघाले.

त्याहून मोठी चूक: कमी खायचं, पण कशापेक्षा, हे न विचारणं. अमेरिकेतच माकडांवर दोन ठिकाणी वर्षानुवर्षं प्रयोग चालले. विस्कॉन्सिनमध्ये कमी खाणारी माकडं जास्त जगली, दुसरीकडे आयुष्यात फरक दिसला नाही. खोलात गेल्यावर कळलं, विस्कॉन्सिनमध्ये तुलनेसाठी ठेवलेली माकडं हवं तेवढं, शिवाय साखरेचं खात होती. दुसरीकडे तुलनेतल्या माकडांनाही बेतानंच मिळायचं. माझ्या मते सगळी मेख इथंच आहे. दिवसाचे चार गोड चहा, टीव्हीसमोरचं वाटीभर भडंग, पंगतीत आग्रहाची जिलेबी, कापायचं ते हे. हळदीच्या रानात राबून दोन भाकरी खाणाऱ्या सडपातळ माणसानं कशाला काय कमी करायचं?

आणि लोक कापतात काय? डाळ, उसळ, दूध. चहा-बिस्किट तसंच. लठ्ठ नसलेल्या २१८ माणसांवर दोन वर्षं एक प्रयोग झाला. ठरलं होतं २५ टक्के कमी खायचं, जमलं साधारण १२. रक्तदाब, कोलेस्टेरॉल सुधारलं. पण स्नायू आणि हाडांची घनताही थोडी घटली. आयुष्य वाढलं का, हे दोन वर्षांत कळणारच नाही. साठीनंतर मात्र ही घट महागात पडते, पडून खुब्याचं हाड मोडलं की माणूस अंथरूण धरतो. म्हणून प्रथिनं सोडू नका, थोडा ताकदीचा व्यायाम ठेवा.

एकादशी यात धरू नका. साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, शेंगदाण्याची आमटी... दुप्पट खाशी उगाच म्हणत नाहीत.

चक्कर येते, सारखी थंडी वाजते, केस गळतात, पाळी चुकते? खाणं वाढवा, तरी थांबलं नाही तर तपासून घ्या. वाढती मुलं आणि गरोदर बायकांनी या वाटेला जाऊच नये. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्या. डोस तोच आणि ताट निम्मं झालं, तर साखर एकदम उतरून शुद्ध हरपू शकते.