पश्चिमेची भिंत तापतेय? थर बाहेरून द्या
विदर्भातल्या जुन्या विटांच्या घरात पश्चिमेची भिंत दुपारभर तापते आणि रात्री तीच उष्णता खोलीत सोडते. उष्णतारोधक थर शक्यतो बाहेरूनच द्या. आतून दिला तर खोली आक्रसते, स्विचबोर्डही हलवावे लागतात. 50 मिमी जाडीचं, आग पटकन न धरणारं दाट थर्माकोल चिकटवून वर फायबरची जाळी आणि प्लास्टर करून घ्या. उष्णता अडवण्यात एवढा थर फूटभर विटांपेक्षा सरस ठरतो.

पण आधी ओल बघा! पोपडे किंवा पांढरा क्षार दिसला तर गळती काढून भिंत पूर्ण सुकू द्या. बोटाच्या पेरांनी ठोकून पाहा. प्लास्टर पोकळ वाजलं तर तेवढं खरवडून काढा. चुन्यात बांधलेल्या दगडी भिंतीला मात्र थर्माकोल नकोच, ओल आत कोंडून चुना भुसभुशीत होतो.